हिवऱ्याचे नाव आणि सोनकीचे फूल

भाद्रपदात सह्याद्रीच्या माथ्यावर ज्याने एकदा पाऊल ठेविले आहे, त्यास सोनकी म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. श्रावणाची झड सरते, धुके मधूनमधून फाटू लागते, आणि कालपरवापर्यंत नुसते हिरवे दिसणारे उतार, शेतांचे बांध, किल्ल्यांच्या वाटा, फार काय पण कातळांच्या भेगासुद्धा एकाएकी पिवळ्या होऊन जातात. काही आठवडे हा थाट टिकतो. मग उन्हे तापू लागतात, गवत पिकते, आणि सोनकी आली होती हेही आपण विसरतो. फुलबाजारात तिला भाव नाही, बागेत तिला जागा नाही. दरवर्षी ती येते आणि दरवर्षी आपण "वा!" म्हणून पुढे जातो.

ह्या फुलाचे शास्त्रीय नाव काय, ते कोणी ठेविले, ते का बदलावे लागले, आणि त्या खटाटोपात आपल्या जुन्नर तालुक्यातील एका खेड्याचे नाव जगाच्या ग्रंथांत कसे जाऊन बसले, ही हकीकत येथे सांगावयाची आहे. प्रस्तुत लेखक वनस्पतिशास्त्राचा अध्यापक नव्हे, इतिहासाचा आहे. तेव्हा ही उठाठेव त्याने का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल, अशी आशा आहे. तूर्त एवढेच सांगतो की ह्या विषयाकडे मी आपण होऊन वळलो नाही. एका दिवसात दोन वेळा चुकलो, म्हणून वळलो.

ते असे झाले. काही वर्षांमागे भाद्रपदात महाविद्यालयातील दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन मी आहुप्यास गेलो होतो. आहुपे हे गाव पुणे जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकास, आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या धारेवर वसलेले आहे. घोडेगावाहून निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वळणे घेत तेथवर पोचतो. ह्याच मुलुखात घोड नदी उगम पावते. गाव ओलांडून पश्चिमेस थोडे चालत गेले की जमीन संपते. खाली मुरबाडकडचे कोकण, समोर गोरखगड आणि सिद्धगड यांचे सुळके, आणि त्यांच्या अंगाने खोपिवलीस उतरणारी आहुपे घाटाची जुनी पायवाट. गावाला देवराई आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. पावसाळ्यात भात, आणि जंगलातला हिरडा हा रोख पैशाचा आधार.

कड्यावरून परत येताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ह्या फुलाचे खरे नाव काय?" थिओडोर कुक याने लिहिलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाची एक जुनी प्रत माझ्या संग्रही आहे, तिच्यातले वाचलेले नाव मी मोठ्या ऐटीत सांगितले, "सेनेसिओ ग्रॅहॅमाय." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. पुढे ज्या घरी आम्ही चहाला थांबलो, तेथल्या म्हाताऱ्या आजींनी माझ्या हातातल्या दोन फांद्या पाहिल्या आणि त्या म्हणाल्या, "गुरुजी, ह्या दोन येक न्हाईत. हिचं पान हिरवं हाय, आन् हिच्या पानावं भुरी लव हाय. बोट लावून बघा." बोट लावून पाहिले, खरोखरच एकीच्या पानावर कोळ्याच्या जाळ्यासारखी राखी लव होती. मी दोन्हींना एकच नाव देऊन मोकळा झालो होतो.

दुसरी चूक पुण्यास परतल्यावर उघडकीस आली. वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांना मी दोन्ही फांद्या दाखविल्या. लव असलेली ती 'सेनेसिओ एजवर्थाय', हे त्यांनी पाहताक्षणीच सांगितले. दुसरीचे मी सांगितलेले नाव ऐकून मात्र ते हसले. "ते नाव १९७० सालीच रद्द झाले. तुम्ही इतिहासाचे लोक, जुन्या कागदावर विश्वास ठेवता." ही थट्टा मला लागली, कारण जुना कागद पारखल्यावाचून त्यावर विश्वास ठेवू नये, हेच तर मी वर्गात तीस वर्षे शिकवीत आलो आहे.

आता ह्या फुलाची रचना थोडी पाहू, म्हणजे पुढील भाग सुगम होईल. सोनकीचे जे एक फूल आपण म्हणतो, ते वस्तुतः एक फूल नसून फुलांचा मेळावा आहे. मधल्या पिवळ्या चकतीत शेकड्याने नसली तरी बरीच बारीक नळीदार फुले दाटीने बसलेली असतात, आणि ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती प्रत्येक पट्टी हेही एक स्वतंत्र फूलच असते. मधल्यांस बिंबपुष्पके आणि कडेच्यांस किरणपुष्पके म्हणतात. साऱ्या मेळाव्यास स्तबक. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, डेलिया, शेतातला करडई ही सारी ह्याच घराण्यातली. सपुष्प वनस्पतींत ह्या कुलाएवढे मोठे गोत्र क्वचितच दुसरे असेल. त्यातील ज्ञात जातींची संख्या वीस हजारांच्या पुष्कळ वर जाते, आणि बरोबरी करू शकते ते बहुधा एकटे ऑर्किडांचे कुल.

ह्या कुलास आज 'ॲस्टरेसी' म्हणतात. 'ॲस्टर' हा ग्रीक शब्द. त्याचा अर्थ तारा, आणि तो आपल्या 'तारा' शब्दाचाच दूरचा भाऊबंद. परंतु नावांची गंमत अशी की मंडईत आपण 'ॲस्टर' म्हणून जे फूल विकत घेतो, ते शास्त्रदृष्ट्या आता ॲस्टर राहिलेले नाही. ते मूळचे चीनचे. लिनियसने १७५३ साली त्यास ॲस्टरांत घातले होते. पुढे त्याची वेगळी प्रजाती करण्यात आली आणि ते 'कॅलिस्टेफस' झाले. अमेरिकेतील शेकडो ॲस्टरांचीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत अशीच फाटाफूट झाली. घराण्याचे नाव ताऱ्याचे राहिले, पण ताऱ्यांची वाटणी झाली.

वाटणीचा हा उद्योग लिनियसपासून चालत आला आहे. फुलातील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून त्याने वनस्पतींचे वर्ग पाडले, आणि ज्यांच्या पुंकेसरांची परागकोशे एकमेकांस चिकटून नळी बनते, अशा फुलांचा एक स्वतंत्र वर्ग केला. पुढे ह्या कुलाची खरी छाननी केली ती पॅरिसच्या आंरी कासिनी याने. हा गृहस्थ पेशाने न्यायाधीश होता. फ्रान्समधील प्रसिद्ध ज्योतिषी कासिनी घराण्यात त्याचा जन्म. पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या दुर्बिणीतून आकाश पाहत आले, आणि ह्याने भिंगाखाली ताऱ्यासारखी फुले धरली. परागकोश, कुक्षी, फळावरील केस अशा बारीक लक्षणांची साक्ष काढून त्याने ह्या कुलाचे गट पाडले. त्या निवाड्यातील पुष्कळ भाग आजही मान्य आहे. १८३२ साली पटकीच्या साथीत त्याचा अंत झाला.

अशा गटांतील एक मोठी प्रजाती म्हणजे 'सेनेसिओ'. तिच्या जाती हजारावर आहेत आणि त्या जवळजवळ सर्व खंडांत पसरलेल्या आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्तबकाखाली जी हिरवी छदे असतात, ती येथे बहुधा एकाच रांगेत, सारख्या उंचीची, वईच्या काठ्यांसारखी उभी असतात. आणि फळ पिकल्यावर त्याच्या डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका येतो. त्याच्या आधाराने बी वाऱ्यावर तरंगत जाते. ह्या पांढऱ्या केसांवरून रोमन लोकांनी ह्या वनस्पतीस 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा ह्या शब्दावरून नाव दिले. हे वाचले तेव्हा मला आहुप्याच्या अंगणात उडणारी एक म्हातारी आठवली. रुईचे, सोनकीचे, कशाचेही केसाळ बी वाऱ्यावर उडत आले की आपली मुले 'म्हातारी, म्हातारी' म्हणून तिच्यामागे धावतात. रोमन शेतकरी आणि मावळातले पोर यांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. दोघांनी एकच गोष्ट पाहिली आणि दोघांस एकच उपमा सुचली.

आता मुख्य हकीकतीकडे वळू. पश्चिम हिंदुस्थानातील वनस्पतींची पहिली छापील यादी १८३९ साली मुंबईस प्रसिद्ध झाली. ती करणारा जॉन ग्रॅहॅम हा टपाल खात्यातला अधिकारी होता. कामावरून उरलेल्या वेळात त्याने रोपे जमविली, मित्रांकडून मागविली, नावे जुळविली. पण पुस्तक छापून पुरे होण्याआधीच, त्याच वर्षी, खंडाळ्यास तो मरण पावला. उरलेले काम जोसेफ निमो याने तडीस नेले. ग्रॅहॅमचे वय त्या वेळी पस्तिशीच्याही आतले होते.

दुसरा गृहस्थ डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन. स्कॉटलंडात १८०० साली जन्मलेला हा मनुष्य कंपनी सरकारच्या नोकरीत वैद्य म्हणून आला. दख्खन व खानदेशात देवी टोचण्याच्या कामावर तो फिरला, येथल्या भाषा शिकला, आणि १८३८ साली दापोडी येथील सरकारी वनस्पतिबागेचा अधीक्षक झाला. दापोडीची ही जागा म्हणजे पेशव्यांच्या कवायती पलटणीचा सरदार कॅप्टन फोर्ड याचा बंगला. पेशवाई गेल्यावर तो गव्हर्नराच्या निवासासाठी सरकारने घेतला आणि १८२८ साली तेथे बाग झाली. ह्या बागेची एक शाखा जुन्नर तालुक्यात हिवरे येथे होती. सरकारी दवाखान्यांना लागणारी औषधे विलायतेहून मागविण्यापेक्षा येथेच पिकवावीत, हा तिच्यामागील हेतू. इंग्रजी कागदांत ह्या गावाचे नाव 'हेवरा' असे पडले आहे. पुढे १८४७ साली गिब्सन मुंबई इलाख्याचा जंगल-संरक्षक झाला. सह्याद्रीवरील झाडतोडीमुळे ओढे आटतात आणि पाऊसपाण्यावर परिणाम होतो, असे सरकारला बजावून सांगणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी तो एक होता. १८६७ साली तो वारला.

गिब्सनच्या जोडीस तिसरा आला निकोल अलेक्झांडर डाल्झेल. हा जकात, मीठ व अफू ह्या खात्यातला. पुढे गिब्सनच्या मागून तोच जंगल-संरक्षक झाला. डाल्झेलची नजर फार तीक्ष्ण होती. ह्या दोघांच्या नावाने 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ १८६१ साली निघाला. मुंबई इलाख्यातील देशी वनस्पतींचे वर्णनात्मक असे हे पहिले पुस्तक. टपालवाला, देवी टोचणारा आणि मिठाच्या जकातीवरचा अंमलदार, अशा तिघांनी आपल्या डोंगरांच्या वनस्पतिशास्त्राचा पाया घातला, ही गोष्ट मोठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्याच डाल्झेलने सोनकीच्या गोतातील एका जातीचे वर्णन केले आणि तिला 'डोरोनिकम' ह्या प्रजातीत घालून जातीचे नाव ठेविले 'हेवरेन्से', म्हणजे हेवऱ्याची, आपल्या हिवऱ्याची! प्रजातीविषयी त्याचा निर्णय पुढे टिकला नाही. लंडनजवळ क्यू येथे बसून सर जोसेफ हूकर हिंदुस्थानातील समग्र वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ लिहीत होता. १८८१ साली ह्या कुलाचे प्रकरण त्याने पुरे केले, तेव्हा त्याने ही जात 'सेनेसिओ'त आणली. परंतु जातीचे नाव त्यास बदलता आले नाही. नियमच तसा आहे. प्रजाती चुकली तर घर बदलते, पण पहिल्याने ठेविलेले जातीचे नाव, दुसरी अडचण नसल्यास, नव्या घरीही बरोबर जाते. म्हणून ती आजही 'सेनेसिओ हेवरेन्सिस' आहे, आणि जगात कोठेही तिचा उल्लेख व्हावयाचा तर हिवऱ्याचे नाव घेतल्यावाचून होत नाही.

जुन्नरच्या नाणेघाटात सातवाहन राणीचा शिलालेख आहे. तो ब्राह्मीत आहे म्हणून आपण तो वाचत नाही असे नाही. तज्ज्ञांकडून वाचून घेतो, त्याचा अभिमान बाळगतो, मुलांना दाखवावयास नेतो. त्याच तालुक्यातील एका खेड्याचे नाव लॅटिनमध्ये, फुलाच्या अंगावर कोरलेले आहे. त्याकडे मात्र आपले लक्ष गेले नाही. वनस्पतीचे नाव हा माझ्या मते इतिहासाचा एक लेखच होय. त्यात कोण, कोठे, केव्हा हे तिन्ही प्रश्न दडलेले असतात. वाचता मात्र आले पाहिजे. इतिहासाच्या अध्यापकाने ही उठाठेव का करावी, ह्याचे उत्तर ते हेच.

आता ज्या सोनकीने आपले डोंगर पिवळे होतात, तिच्याकडे येऊ. हूकरने १८८१ मध्ये तिला जे नाव दिले, ते 'सेनेसिओ ग्रॅहॅमाय'. खंडाळ्यास अकाली गेलेल्या त्या टपाल अधिकाऱ्याचे स्मरण ह्या नावात होते. कुकच्या १९०१ ते १९०८ च्या ग्रंथात तेच नाव आहे. हा कुक पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य. निवृत्त होऊन इंग्लंडला गेल्यावर त्याने हे काम केले, आणि आजही मुंबई इलाख्याच्या वनस्पतींसाठी प्रथम त्याचेच पुस्तक उघडतात. मीही तेच उघडले आणि फसलो. कारण हूकरच्या कितीतरी आधी जॉर्ज बेंथम ह्या शास्त्रज्ञाने परदेशातील एका निराळ्याच वनस्पतीस हेच नाव देऊन ठेविले होते. दोन निराळ्या जातींचे एकच नाव असता कामा नये. असल्यास आधीचे उभे राहते, नंतरचे पडते. हूकरच्या काळी ह्या बाबतीत बरीच सैल वागणूक होती. १९३० साली केंब्रिज येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनंतर नियम कडक झाला. तरीही सोनकीवरील नावाचा हा दोष तसाच राहिला. शेवटी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे एन. पी. बालकृष्णन यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९७० साली तो दुरुस्त केला, आणि तिचे नवे नाव ठेविले 'सेनेसिओ बॉम्बेएन्सिस'.

न्याय झाला खरा. पण ग्रॅहॅमची आठवण पुसली गेली, आणि घाटमाथ्यावरील ह्या फुलास मुंबईचे नाव मिळाले! अर्थात येथे मुंबई म्हणजे जुना इलाखा असा अर्थ घेतला पाहिजे. नाहीतर आहुप्याच्या धुक्यात वाढणाऱ्या रोपास 'मुंबईकर' म्हणणे म्हणजे मावळ्याच्या डोक्यावर टोपी घालण्यासारखे होईल.

येथे एक आक्षेप येईल. "हे सारे परक्यांचे आणि पंडितांचे. आपले 'सोनकी' हे नाव काय वाईट आहे?" नाव गोड आहे ह्यात वाद नाही. परंतु ते एकीचे नाही. हिरव्या पानाची, लवेची, आणखी दोन-चार, साऱ्यांना सोनकी म्हणतात. 'सोनकडी' म्हणून आणखी एक पिवळी आहे, ती ह्या प्रजातीतलीही नव्हे. 'मोठी सोनकी' म्हणून जी ओळखली जाते, तिची फुले तर चक्क जांभळी असतात. तिच्यासाठी डाल्झेलने १८५० साली 'ॲडेनून' ही नवी प्रजातीच स्थापिली. सोन्याचे नाव आणि जांभळा रंग! बोलीतले नाव आपुलकीचे असते. शास्त्रातले नाव नेमके असते. दोन्ही हवीत, आणि दोन्हींची गाठ कोणी घालून ठेवली पाहिजे. ती गाठ आपल्याकडे पुरेशी पडलेली नाही, हेच माझे दुःख आहे.

ह्या दुःखाला इतिहासाची दुसरी एक बाजू आहे. सतराव्या शतकात मलबारात वान ऱ्हीड नावाच्या डच अधिकाऱ्याने तेथील वनस्पतींवर 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ करविला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात इट्टी अच्युदन ह्या मलबारी वैद्याचे, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तिघा कोकणी ब्राह्मणांचे दाखले छापलेले आहेत. ह्या तिघांचा दाखला कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत आहे. माहिती कोणी दिली, हे सांगण्यात त्या डच मनुष्यास कमीपणा वाटला नाही. त्यानंतर दीड-पावणेदोन शतकांनी आपल्याकडे काय झाले? दापोडीच्या बागेत गिब्सनने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका देशी चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक सुंदर चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पतिबागेत जतन केलेली आहेत, आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ साली त्यांवर ग्रंथही लिहिला. गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांस इंग्रज त्या काळी ज्या नावाने ओळखीत, त्या 'पोर्तुगीज' शब्दापलीकडे त्या चित्रकाराची ओळख उरलेली नाही. चित्रे राहिली, चितारी हरपला.

मग हिवऱ्याच्या डोंगरात वाट दाखविणारा, कड्यावर चढून रोप उपटून आणणारा, "साहेब, ही त्या दगडाखाली सापडते, गवतात नाही" असे सांगणारा जो कोणी असेल, त्याचे नाव कोठून मिळणार? साहेब घोड्यावरून आला. वाट तर त्यास कोणी तरी दाखविलीच असली पाहिजे. मी डाल्झेलला किंवा गिब्सनला दोष देत नाही. आपल्या फुरसतीचा वेळ त्यांनी आपल्या डोंगरांसाठी वेचला, हे ऋण मोठे आहे. परंतु आहुप्याच्या आजींनी बोटाने पान चाचपून माझी चूक दाखविली, त्या क्षणी मला वाटले की शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशीच कोणी आजी, असाच कोणी गुराखी त्या ग्रंथांच्या पानांमागे उभा असेल. आणि ग्रंथात त्याच्यासाठी एक ओळही नाही.

कोणी म्हणेल, "नावांचा हा काथ्याकूट करून डोंगरावरचे एक फूल तरी वाढणार आहे काय?" वाढणार नाही, पण कमी झालेले कळेल. समजा, सोनकीच्या पाच जातींपैकी एक जात वणव्याने, नांगराने, रस्त्याच्या भरावाने किंवा हौशी मंडळींच्या पायदळी नाहीशी झाली. उरलेल्या चौघी डोंगर पिवळा ठेवतीलच. आपण भाद्रपदात जाऊ, "वा!" म्हणू, आणि परत येऊ. पाचवी गेली हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण आपल्या लेखी ती कधी पाचवी नव्हतीच. ती सोनकीच होती. ज्यास वेगळे नाव नाही, त्याच्या जाण्याचा सुतक-सोयर कोणास नसतो. म्हणून नाव ठेवणे ही पंडितांची चैन नव्हे. जिवंत वस्तूच्या हजेरीपटावर तिचे नाव चढविणे आहे.

हे काम केवळ मोठ्या संस्थांनी करावे असे नाही. त्या आपले काम करीत आहेत. पुण्यास शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी निघाली. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पश्चिम शाखा १९५५ साली पुण्यास आली. विज्ञानवर्धिनीतले वा. द. वर्तक आणि त्यांच्यासवे माधव गाडगीळ यांनी १९७० नंतर गावोगावच्या देवराया पायाखाली घातल्या आणि त्यांतील झाडांइतकेच त्या राखणाऱ्या माणसांकडेही लक्ष दिले. परंतु रोप जमविण्याची विद्या काही फार गहन नाही. फुलावर असलेली एक फांदी घ्यावी, जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून वाळवावी, कागदावर चिकटवावी, आणि खाली लिहावे: गाव, जागा, तारीख, उंची, फुलाचा रंग, गावात म्हणतात ते नाव, आणि ते नाव ज्याने सांगितले त्याचे नाव. अभयारण्याच्या हद्दीत रोप तोडावयाचे नाही. तेथे छायाचित्र पुरे. डाल्झेलने यापेक्षा अधिक काय केले? हूकरने क्यूला बसून जो निवाडा दिला, तो अशाच वाळलेल्या कागदांवरून. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शाळांनी दरवर्षी भाद्रपदात एवढे केले, तरी दहा वर्षांत असा संग्रह होईल की ज्याच्यापुढे पंडितांनाही यावे लागेल. आणि त्याचा आरंभ हिवऱ्याच्या शाळेने करावा, असे मला मनापासून वाटते. तो मान तिचाच आहे.

आहुप्याहून परत येताना डिंभ्याचे पाणी पुन्हा लागते. ह्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. ज्या गावावरून तालुक्यास नाव पडले, ते गाव धरणात गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो; तरी नाव आंबेगावच राहिले आहे. उद्या ज्याला काहीच ठाऊक नाही असा मनुष्य विचारील, "हे आंबेगाव कोठे आहे?" आणि त्या एका प्रश्नातून साऱ्या बुडालेल्या गावाची हकीकत वर येईल. नावे असे काम करतात. हिवऱ्याच्या नावानेही हेच काम दीडशे वर्षांवर चालविले आहे. विचारणारा तेवढा हवा.

पुढल्या भाद्रपदात मी पुन्हा आहुप्यास गेलो; ह्या खेपेस विद्यार्थ्यांच्या वह्यांतले नाव आधी दुरुस्त करवून घेतले. आजींकडे चहा झाला. मी त्यांना सांगितले की दूर देशाच्या लोकांनी तुमच्या सोनकीस जे नाव ठेविले आहे, त्याचा अर्थ म्हातारा असा होतो. बियांवरच्या पांढऱ्या केसांमुळे. आजींनी क्षणभर विचार केला आणि त्या हसून म्हणाल्या, "मंग त्यांनी येगळं काय सांगितलं, गुरुजी? आमी म्हातारीच म्हनतो की!" विद्यार्थिनीने वही काढली, त्या दिवसाची तारीख घातली, आणि फुलाच्या दोन्ही नावांखाली आजींचे नाव लिहून घेतले.